व्हीएस कोडमध्ये कमिट संदेशांचे नियम कोठे लिहावेत: एक्सटेन्शनच्या सेटिंगमध्ये की रेपॉझिटरीत?

प्रश्न

मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या एका मुक्तस्रोत प्रकल्पावर आमचा छोटा गट काम करतो. कमिट संदेशांसाठी (गिट या आवृत्ती-नियंत्रण साधनात बदल नोंदवताना लिहायच्या टिपणासाठी) आम्ही 'कन्व्हेन्शनल कमिट्स १.०.०' ही पद्धत स्वीकारली आहे. पहिल्या ओळीच्या आरंभी 'फिक्स', 'फीट' किंवा 'डॉक्स' यांसारखा प्रकार, त्यापुढे कंसात प्रकल्पाचा विभाग, मग अपूर्णविराम आणि शेवटी केलेल्या बदलाचे वर्णन, असा तो साचा आहे. प्रकार आणि विभाग रोमन लिपीत व वर्णन मराठीत लिहायचे असे आमच्यात ठरले आहे, कारण नियमांवर काम करणाऱ्यांपैकी बरेच जण भाषेचे अभ्यासक आहेत आणि बदलांचा इतिहास त्यांना मराठीतच वाचायचा असतो.

सर्व जण व्हीएस कोड हा कोड-संपादक वापरतात. संदेशाचा साचा टप्प्याटप्प्याने भरून घेण्यासाठी 'कन्व्हेन्शनल कमिट्स' याच नावाचे एक्सटेन्शन (संपादकाला जोडायची पुरवणी) बसवले आहे आणि रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या सामायिक भांडारात) हस्की या हुक चालवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने कमिटलिंट हे संदेश तपासणारे साधन जोडले आहे. तरीही मेळ बसत नाही. विभागांची यादी प्रत्येकाच्या यंत्रावर निराळी दिसते. शेवटचा टप्पा भरताच एक्सटेन्शन थेट कमिट करून टाकते, त्यामुळे संदेश पुन्हा एकदा वाचून पाहण्याची सोय राहत नाही. पहिली ओळ लांब झाली अशी सूचना संपादक देतो, पण तीच ओळ कमिटलिंट विनातक्रार स्वीकारते. शिवाय दोघांच्या यंत्रांवर टर्मिनलमधून कमिट व्यवस्थित होते, मात्र संपादकातील बटण दाबल्यास 'एनपीएक्स' ही नोडसोबत येणारी आज्ञा सापडत नाही असे सांगून ते अडते.

हे सर्व नियम एकाच ठिकाणी लिहून संपादकाला ते तेथूनच वाचायला लावता येईल का, की एक्सटेन्शनच्या सेटिंगमध्ये ते पुन्हा लिहावेच लागतात?

उत्तर १

आपल्याकडे एकाच संदेशाबद्दल तीन स्वतंत्र घटक आपापले मत देत आहेत: व्हीएस कोडमधील गिटची अंगभूत सोय, हे एक्सटेन्शन आणि कमिटलिंट. यांपैकी कमिट खरोखर अडवू शकते ते फक्त कमिटलिंट, आणि तेही गिटच्या 'कमिट-एमएसजी' या हुकमधून (कमिट करताना गिट आपोआप चालवते त्या आज्ञेतून) चालते म्हणून. पहिले दोन घटक सुचवतात, रंगवतात, रिकाम्या जागा भरून घेतात. पण कोणी टर्मिनलमधून कमिट केले तर त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून नियम कमिटलिंटच्या फाइलमध्येच लिहावेत आणि उरलेल्या दोघांना त्या फाइलशी जुळवून घ्यावे.

ही फाइल रेपॉझिटरीच्या मुळाशी असते. ती जावास्क्रिप्टमध्ये 'एक्स्पोर्ट डिफॉल्ट' वापरून लिहायची असेल, तर 'पॅकेज.जेसन'मध्ये प्रकार 'मॉड्यूल' असा नोंदवलेला असावा लागतो किंवा फाइलचा शेवट 'एमजेएस' असा ठेवावा लागतो. आपले नियम साधे असल्याने ती जेसन या साध्या मजकूर-स्वरूपात लिहिणे अधिक सुटसुटीत होईल, असे मला वाटते. प्रत्येक नियमाला तीन घटकांची यादी द्यायची असते. पहिला घटक म्हणजे तीव्रता: ० म्हणजे नियम बंद, १ म्हणजे केवळ इशारा, २ म्हणजे चूक. दुसरा घटक 'ऑलवेज' किंवा 'नेव्हर', आणि तिसरा प्रत्यक्ष मूल्य. तीव्रता १ असेल तर इशारा छापला जातो, पण कमिट होते. गटाला नव्या नियमाची सवय लावायची असेल, तर काही काळ हीच तीव्रता ठेवणे सोयीचे पडते.

आपण 'कॉन्फिग-कन्व्हेन्शनल' हा तयार संच आधाराला घेतला असेल, तर त्यात ११ प्रकार आधीच आहेत: बिल्ड, चोर, सीआय, डॉक्स, फीट, फिक्स, पर्फ, रिफॅक्टर, रिव्हर्ट, स्टाइल आणि टेस्ट. पहिल्या ओळीची कमाल लांबी त्यात १०० आहे आणि मजकुराच्या ओळींचीही १००. आपली ओळ संपादकाला लांब वाटते व कमिटलिंटला वाटत नाही, त्याचे कारण हेच. संपादकाची मर्यादा ५० ची आहे.

विभागांची यादी आपण 'स्कोप-एनम' या नियमात लिहावी. एक्सटेन्शन कमिटलिंटची फाइल वाचते आणि हा नियम दिसल्यास निवडीसाठी तीच यादी पुढे ठेवते. सध्या ती फाइलमध्ये नसावी, म्हणून एक्सटेन्शन स्वतःच्या 'स्कोप्स' या सेटिंगकडे वळते, आणि कोणी 'नवा विभाग' निवडला की ते नाव कामाच्या फोल्डरमधील 'डॉट व्हीएसकोड' या फोल्डरातील सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून टाकते. तो बदल कोणी कमिट करतो, कोणी टाकून देतो, आणि याद्या वेगळ्या होत जातात. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी: 'स्कोप-एनम' फक्त लिहिलेला विभाग यादीत आहे का एवढेच पाहतो; विभाग मुळीच लिहिला नाही तर तो गप्प बसतो. विभाग सक्तीचा हवा असेल तर 'स्कोप-एम्प्टी' हा नियम २ आणि 'नेव्हर' असा वेगळा लिहावा लागतो.

आता एक्सटेन्शनच्या सेटिंगमध्ये उरते ते थोडेच. 'ऑटो कमिट' ही सेटिंग मुळात चालू असते. ती बंद केली की तयार झालेला संदेश सोर्स कंट्रोलच्या चौकटीत येऊन थांबतो, तेथे तो वाचून, सुधारून मग कमिट करता येते. माझ्या मते ही सेटिंग बंदच असावी. संदेश लिहिण्याची पद्धत शिस्तीची करायची आणि तो वाचायची संधी काढून घ्यायची, हे विसंगत आहे. 'गिटमोजी' ही सेटिंगही मुळात चालू असते आणि वर्णनाच्या आधी चित्रचिन्हाचा सांकेतिक शब्द घालण्याचा टप्पा वाढवते. आपल्याला त्याचा उपयोग नसेल तर तीही बंद करावी, कारण तो शब्द लांबीत मोजला जातो. या दोन्ही सेटिंग वापरकर्त्याच्या पातळीवर न ठेवता 'डॉट व्हीएसकोड' फोल्डरातील फाइलमध्ये ठेवून ती फाइल कमिट करावी. कामाच्या फोल्डरातील सेटिंग वापरकर्त्याच्या सेटिंगवर मात करते, त्यामुळे सर्वांना सारखाच अनुभव येईल.

राहिली संपादकाची अंगभूत सोय. सेटिंगच्या पानावर 'गिट: इनपुट व्हॅलिडेशन', 'गिट: इनपुट व्हॅलिडेशन लेंग्थ' आणि 'गिट: इनपुट व्हॅलिडेशन सब्जेक्ट लेंग्थ' अशा तीन नोंदी दिसतील. पहिली हल्ली फक्त चालू किंवा बंद अशी आहे. जुन्या आवृत्त्यांत तिला 'ऑलवेज', 'वॉर्न' आणि 'ऑफ' अशी तीन मूल्ये होती, आणि जुन्या लेखांतून उतरवलेली फाइल वापरल्यास येथे घोटाळा होतो. दुसरीचे मूळ मूल्य ७२ आणि तिसरीचे ५०. ही मूल्ये कमिटलिंटच्या फाइलमधून आपोआप घेतली जात नाहीत, म्हणून एवढे दोन आकडे मात्र आपल्याला हाताने जुळवावे लागतील. सर्व नियम एकाच जागी ठेवण्याच्या आपल्या इच्छेला एवढाच अपवाद करावा लागतो.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु लांबीचा आकडा ठरवण्यापूर्वी आपला मजकूर देवनागरीत आहे याचा विचार व्हायला हवा. संपादक आणि कमिटलिंट हे दोघेही जावास्क्रिप्टच्या पद्धतीने लांबी मोजतात. त्या मोजणीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह यांपैकी प्रत्येकाची स्वतंत्र गणना होते. 'अनुस्वाराच्या' हा शब्द आपण अ, नु, स्वा, रा, च्या असा पाच अक्षरांचा वाचतो. यंत्र त्यात १३ चिन्हे मोजते.

पूर्ण ओळ घेऊन पाहू. 'अनुस्वाराच्या नियमातील त्रुटी दूर केली' या वर्णनात डोळ्यांना १६ अक्षरे आणि ४ मोकळ्या जागा दिसतात. यंत्राच्या हिशेबाने ती लांबी ३८ होते. त्याआधी 'फिक्स(रूल्स)', अपूर्णविराम आणि एक मोकळी जागा हा भाग रोमन लिपीत लिहिला की १२ चिन्हे होतात. बेरीज बरोबर ५०. म्हणजे इतके आटोपशीर वाक्यही संपादकाच्या मर्यादेवर टेकलेले आहे, आणि 'त्रुटी'ऐवजी 'त्रुटीही' लिहिले तरी सूचना येणार.

५० आणि ७२ हे आकडे ८० स्तंभांच्या टर्मिनलवरून आलेले संकेत आहेत. 'गिट लॉग' संदेशाला डावीकडे चार जागांचा समास देतो, उजवीकडे तेवढाच समास धरला की ७२ उरतात. तो हिशेब पडद्यावर व्यापल्या जाणाऱ्या रुंदीचा आहे, आणि उकार, मात्रा किंवा अनुस्वार पडद्यावर वेगळा स्तंभ व्यापत नाहीत. त्यामुळे मराठी वर्णनांसाठी पहिल्या ओळीची मर्यादा संपादकातही १०० करणे हे नियम सैल करणे नव्हे. मजकुराच्या ओळींसाठीही ७२ ऐवजी १०० ठेवावे. आपल्याला सध्या एकूण दोन आकडे बदलायचे आहेत आणि दोन्ही कमिटलिंटच्या मूळ आकड्यांशी जुळतात, ही सोयीची बाब आहे.

गटात कोणी स्वतःचा शेल हुक लिहून त्यात 'डब्ल्यूसी' या आज्ञेने लांबी मोजत असेल, तर तोही तपासून पाहावा. त्या आज्ञेचा 'सी' पर्याय बाइट मोजतो, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. वरच्या एकट्या 'अनुस्वाराच्या' या शब्दाचे ३९ होतात.

आणखी एक सापळा वर्णनातील लहान-मोठी रोमन अक्षरे तपासणाऱ्या 'सब्जेक्ट-केस' या नियमाचा. वर्णन देवनागरी अक्षराने सुरू होत असेल तर हा नियम ते तपासतच नाही, कारण आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. परंतु 'जेसन फाइलमधील क्रम बदलला' असे वर्णन लिहिताना पहिला शब्द रोमन मोठ्या अक्षरांत आला, की तपासणी सुरू होते आणि संपूर्ण वर्णन मोठ्या अक्षरांत आहे असे ठरवून ते नाकारले जाते. कमिटलिंटने दाखवलेली चूक वाचून मराठीत लिहिणारा माणूस बुचकळ्यात पडतो, कारण त्याने मोठी अक्षरे फक्त एका शब्दात वापरलेली असतात. मिश्र लिपीच्या प्रकल्पात हा नियम ० करून बंद ठेवावा, हे उत्तम.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. 'स्कोप-एनम' लिहिताच एक्सटेन्शनमध्ये सर्वांना एकच यादी दिसू लागली, आणि लांबीचे आकडे जुळवल्यावर संपादकाची सूचनाही थांबली.

यातून एक उपप्रश्न निघाला आहे. गटातील एका सदस्याची सूचना आहे की प्रकारही मराठीतच असावेत: 'फिक्स'ऐवजी 'दुरुस्ती', 'फीट'ऐवजी 'भर'. आम्ही 'टाइप-एनम' या प्रकारांच्या यादीच्या नियमात हे शब्द घालून पाहिले, तरी कमिटलिंट म्हणते की प्रकार रिकामा आहे आणि वर्णनही रिकामे आहे. दोन्ही तर समोर लिहिलेले दिसतात. असे का होते?

उत्तर ३

'टाइप-एनम' तपासण्याच्या आधी पहिल्या ओळीचे तुकडे केले जातात, आणि आपली ओळ त्या पायरीवरच अडते. तुकडे करणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्रात) प्रकारासाठी उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू हे चिन्ह वापरलेले आहे. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ फक्त रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेषा एवढाच होतो. 'दुरुस्ती' त्यात बसत नाही, ओळ साच्याशी जुळत नाही, आणि मग प्रकार व वर्णन दोन्ही सापडले नाहीत असे मानले जाते. म्हणून दोन चुका एकदम दिसतात.

यावर उपाय आहे. कमिटलिंटच्या फाइलमधील 'पार्सर-प्रीसेट'मध्ये 'हेडर-पॅटर्न', म्हणजे पहिल्या ओळीचा साचा, स्वतःचा देता येतो. त्यात युनिकोडचा 'यू' ध्वज लावून 'पी' आणि महिरपी कंसातील 'एल' हा अक्षरांचा वर्ग घ्यावा. त्यासोबत 'एम' हा वर्गही घ्यावाच लागतो, कारण काना-मात्रा युनिकोडच्या दृष्टीने अक्षरे नसून चिन्हे आहेत. एकटा 'एल' घेतला तर 'भर' चालेल आणि 'दुरुस्ती' पहिल्याच उकाराशी अडेल. रेग्युलर एक्स्प्रेशन जेसनमध्ये लिहिता येत नसल्याने नियमांची फाइलही जावास्क्रिप्टमध्ये न्यावी लागेल.

तरीही मी हे करू नये असे सुचवेन. प्रकार हा माणसाने वाचायचा मजकूर कमी आणि यंत्राने वाचायची खूण अधिक असतो. आवृत्तिक्रमांक आपोआप वाढवणारी साधने 'फिक्स' पाहून तिसरा अंक वाढवतात, 'फीट' पाहून दुसरा, आणि प्रकारापुढे उद्गारचिन्ह किंवा तळटिपेत 'ब्रेकिंग चेंज' दिसल्यास पहिला. आपण प्रकार बदलले की कमिटलिंट, एक्सटेन्शन, बदलांची यादी तयार करणारे साधन आणि आवृत्ती काढणारे साधन या प्रत्येकाला तेच भाषांतर शिकवावे लागेल. विभागाचे तसे नाही. कंसातील भागासाठी त्या साच्यात कोणतेही चिन्ह चालते, त्यामुळे 'रूल्स'ऐवजी 'नियम' असा विभाग आजही विनासायास लिहिता येईल. त्या सदस्याचे समाधान बहुधा एवढ्यानेही होईल.

उत्तर ४

'एनपीएक्स' सापडत नसल्याचा मुद्दा अजून कोणी घेतलेला नाही, म्हणून लिहितो.

त्या दोघांनी नोड (कमिटलिंट ज्यावर चालते तो जावास्क्रिप्टचा मंच) हे 'एनव्हीएम' किंवा तत्सम आवृत्ती-व्यवस्थापकातून बसवलेले असणार. असे व्यवस्थापक शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमधून नोडचा मार्ग जोडतात. टर्मिनल ती फाइल वाचते. डॉकमधून किंवा मेनूमधून उघडलेल्या संपादकाच्या बटणामागे चालणारा हुक ती वाचेलच असे नाही. हस्कीने यासाठी सोय ठेवली आहे: वापरकर्त्याच्या घर-फोल्डरातील 'डॉट कॉन्फिग'मध्ये 'हस्की' नावाचा फोल्डर करून त्यात 'इनिट.एसएच' ही फाइल ठेवावी आणि आवृत्ती-व्यवस्थापक सुरू करणाऱ्या ओळी तिच्यात लिहाव्यात. हस्की प्रत्येक हुकच्या आधी ती फाइल चालवते. त्यानंतर व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. जुन्या लेखांत यासाठी 'डॉट हस्कीआरसी' असे नाव आढळेल. नव्या प्रकल्पात ते वापरू नये.

हुकने कमिट नाकारल्यावर संपादक जी छोटी चौकट दाखवतो, तिच्यातील 'शो कमांड आउटपुट' हा पर्याय नवीन सदस्यांना आवर्जून दाखवून द्यावा. कोणता नियम मोडला त्याचे नाव तेथे चौकोनी कंसात मिळते; चौकटीतील त्रोटक वाक्यावरून ते कळत नाही.

हुकवर पूर्ण विसंबणे मात्र योग्य नाही. 'नो-व्हेरिफाय' पर्याय दिला की गिट हा हुक चालवतच नाही. व्हीएस कोडमध्ये 'गिट: अलाऊ नो व्हेरिफाय कमिट' मुळात बंद असते, पण टर्मिनलला कोण अडवणार? त्याहून मोठी फट वेगळीच आहे. आपण गिटहबवर पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य ब्रँचमध्ये घेण्याची विनंती) 'स्क्वॉश' करून, म्हणजे तिच्यातील सर्व कमिटचा एकच कमिट करून, मर्ज करत असाल, तर अंतिम कमिटची पहिली ओळ तेथे तयार होते: अनेक कमिट असतील तर सामान्यतः पुल रिक्वेस्टचे शीर्षक, एकच असेल तर त्या कमिटचा संदेश. कोणाच्याही यंत्रावरचा हुक त्या ओळीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे शीर्षकाची तपासणी सर्व्हरवर, सीआयमध्ये (तेथे आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत), त्याच कमिटलिंटच्या फाइलने करावी.

उत्तर ५

एक छोटी पुरवणी. गटातील कोणी गिटहब कोपायलटकडून संदेश लिहून घेत असेल, तर त्याच्यासाठी 'कमिट मेसेज जनरेशन: इन्स्ट्रक्शन्स' ही वेगळी सेटिंग आहे. तीत थेट मजकूर देता येतो किंवा फाइलचा मार्ग. मार्गच द्यावा, आणि त्या फाइलमध्ये 'प्रकार व विभाग रोमन लिपीत, वर्णन मराठीत, वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम नाही' एवढे स्पष्ट लिहावे. या सूचना म्हणजे विनंती असते, सक्ती नव्हे. तयार झालेला संदेश हुकमधून जाणारच आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

'इनिट.एसएच' केल्यावर दोघांच्याही यंत्रांवर बटणातून कमिट होऊ लागले. प्रकार रोमनच ठेवले, विभाग मराठीत केले. आता सीआय जोडतो आहोत, परंतु प्रकल्पाच्या जुन्या इतिहासात नियमाबाहेरचे असंख्य संदेश आहेत. ते सर्व चुका म्हणून पुढे येतील का?

उत्तर ४ लिहिणाऱ्याचा प्रतिसाद

येणार नाहीत. कमिटलिंटला 'फ्रॉम' आणि 'टू' असे दोन टोकांचे पर्याय देता येतात. 'फ्रॉम'मध्ये मुख्य ब्रँचचे टोक आणि 'टू'मध्ये 'हेड' दिले की फक्त पुल रिक्वेस्टमधील नवे कमिट तपासले जातात. 'फ्रॉम'मध्ये दिलेला कमिट स्वतः तपासात धरला जात नाही. मर्ज, रिव्हर्ट आणि 'फिक्सअप!' यांसारखे गिटने स्वतः तयार केलेले संदेश कमिटलिंट मुळातच वगळते, त्यांच्यासाठी वेगळे काही लिहू नये. गिटहब ॲक्शन्स वापरत असाल तर 'चेकआउट'च्या पायरीत 'फेच-डेप्थ' ० करावे. मूळ मूल्य १ असल्याने फक्त शेवटचा कमिट उतरतो, मुख्य ब्रँचचे टोक सापडत नाही, आणि नियमांशी काहीही संबंध नसलेली चूक दाखवून तपासणी थांबते.